विश्लेषण : परदेशी पार्सल ‘रवाना’ आणि ‘दाखल’ यांच्या मध्ये नेमके कुठे असते?

कोल्हापूरहून अमेरिकेला पाठवलेली चपलेची जोडी. मोबाइलवर पहिल्या दोन दिवसांत चार नोंदी झळकतात आणि पुढचे दहा दिवस ‘मुंबईहून रवाना’ एवढीच ओळ दिसत राहते. तिकडचा ग्राहक रोज विचारतो, इकडचा विक्रेता रोज तेच पान उघडतो. अखेर ग्राहक पैसे परत मागतो आणि पैसे परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी पार्सल पोहोचते. परदेशी विक्री करणाऱ्या लहान उद्योजकांना हा अनुभव नवा नाही. ट्रॅकिंग असूनही माल दिसत का नाही, आणि त्याची किंमत विक्रेत्यानेच का मोजायची, याचा हा आढावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये काय घडले?

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला २०१६ पासून आयातशुल्क माफ होते. त्याआधी ही मर्यादा २०० डॉलर होती. या सवलतीच्या आधारे जगभरातील लहान विक्रेते थेट अमेरिकी घरांपर्यंत पोहोचले. २०२४ च्या अमेरिकी आर्थिक वर्षात अशी १३६ कोटींहून अधिक पार्सले त्या देशात गेली. ३० जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने ही सवलत २९ ऑगस्टपासून सर्वच देशांसाठी स्थगित झाली.

प्रश्न फक्त शुल्काचा नव्हता. ते कोणी गोळा करायचे आणि अमेरिकी सीमाशुल्क विभागाकडे कसे भरायचे, याची यंत्रणाच तयार नव्हती. त्यामुळे विमान कंपन्यांनी टपालाचा माल घेण्यास असमर्थता दाखवली आणि भारतीय टपाल विभागाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक बुकिंग थांबवले. सुरुवातीला पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांना मुभा होती. महिनाअखेरीस तीही गेली. हे फक्त भारतातच घडले असे नाही. जागतिक टपाल संघाच्या माहितीनुसार, ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्णतः किंवा अंशतः बंद केली होती आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले होते.

भारतातून सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. म्हणजे मुलाबाळांना टपालाने फराळ पाठवणाऱ्या घरांची आणि दिवाळीच्या मागणीवर वर्षाचे गणित बसवणाऱ्या विक्रेत्यांची वेळ निघून गेली होती. या पन्नासएक दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. पार्सलाचा प्रवास विमानापेक्षा माहितीवर अवलंबून असतो. माहितीची साखळी तुटली की माल जागेवरच थांबतो.

ट्रॅकिंगमध्ये नेमके काय दिसते?

ट्रॅकिंग म्हणजे पार्सलावर लावलेला जीपीएस, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती हस्तांतराची वही आहे. पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यावरचा बारकोड वाचला जातो आणि वेळ, ठिकाण व कृती यांची नोंद होते. दोन नोंदींच्या मध्ये पार्सल कुठे आहे, हे यंत्रणेलाही ठाऊक नसते. शेवटचे कोणाच्या ताब्यात होते, एवढेच तिला सांगता येते.

ही कल्पना खासगी कुरिअर कंपन्यांनी रुजवली. पार्सलाइतकीच पार्सलाविषयीची माहितीही मोलाची, हे सूत्र फेडएक्सचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. त्या कंपनीने १९९४ मध्ये संकेतस्थळावरून ट्रॅकिंगची सोय दिली. टपाल संस्था त्यामानाने उशिरा या वाटेला आल्या. शिवाय त्यांची अडचण मूळचीच वेगळी होती. कुरिअर कंपनीचे कार्यालय, विमान, गोदाम आणि घरपोच सेवा एकाच छताखाली असते. टपालाचे पार्सल मात्र एका देशाचे खाते दुसऱ्या देशाच्या खात्याच्या हवाली करते. १८७४ च्या बर्न करारातून उभ्या राहिलेल्या जागतिक टपाल संघाची सारी रचनाच या विश्वासावर उभी आहे. भारत १८७६ पासून या संघात आहे.

तेरा चिन्हांचा क्रमांक काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय टपालाच्या पावतीवरील क्रमांक जगभर एकाच साच्यातला असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर सेवेचा प्रकार सांगते. ‘ई’ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, ‘आर’ म्हणजे रजिस्टर, ‘सी’ म्हणजे पार्सल. शेवटची ‘आयएन’ ही अक्षरे माल भारतातून निघाल्याची खूण.

नवव्या अंकाचे काम वेगळेच. तो आधीच्या आठ अंकांवरून काढलेला पडताळा असतो. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ ने गुणायचे, बेरीज करायची, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उदाहरणार्थ, १२३४५६७८ या अंकांची अशी बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते, म्हणून पडताळा अंक ५. (वजाबाकी १० आली तर ० आणि ११ आली तर ५ धरतात.) ग्राहकाला क्रमांक कळवताना एक अंक चुकला, तर संगणक तो तिथेच नाकारतो तो या अंकामुळे. ‘क्रमांक सापडत नाही’ हा संदेश दिसला, तर पार्सल हरवल्याची शंका घेण्याआधी क्रमांक तपासणे शहाणपणाचे.

आणखी एक बाब. अनेक देशांचे ट्रॅकिंग एकत्र दाखवणारी खासगी संकेतस्थळे लोकप्रिय आहेत. त्यांच्याकडे पार्सलाविषयी वेगळी माहिती नसते. टपाल खाती आणि कुरिअर कंपन्या जे प्रसिद्ध करतात तेच ती एका पानावर आणतात. मूळ नोंदच झाली नसेल, तर दहा संकेतस्थळे उघडूनही उपयोग नाही.

मग मधले दिवस स्क्रीन गप्प का?

याचे उत्तर टपालाच्या पिशवीत आहे. परदेशी जाणारी पार्सले मुंबईसारख्या ठिकाणच्या आंतरराष्ट्रीय टपाल केंद्रात एकत्र येतात. तिथे सीमाशुल्क तपासणी होते आणि एकाच देशाला जाणारी पार्सले पिशवीत भरली जातात. प्रत्येक पार्सल पिशवीत टाकताना स्कॅन होते. पिशवी बंद झाली की तिला स्वतःचा २९ चिन्हांचा वेगळा क्रमांक मिळतो. कोणत्या पिशवीत कोणती पार्सले आहेत, याची यादी संगणकावरून पलीकडच्या देशाला जाते.

इथून पुढे पार्सल स्वतंत्र उरत नाही. विमान कंपनी पिशवी घेते, पिशवी मोजते, पिशवी उतरवते. विमानात जागा नसली तर पिशवी मागे राहते. वाटेत विमान बदलायचे असेल तर पिशवी धक्क्यावर थांबते. विमान कंपनी आणि टपाल खाते यांच्यात या हालचालींचे संदेश जात-येत असतात. पण विक्रेत्याला दिसणाऱ्या पानावर ते उमटत नाहीत. पलीकडच्या केंद्रात पिशवी उघडून आतले पार्सल स्कॅन झाले, की मगच पुढची नोंद येते.

म्हणजे ‘मुंबईहून रवाना’ याचा अर्थ विमान उडाले असा नसतो. अनेकदा पिशवी बंद होऊन तिची यादी पाठवली गेली, एवढाच त्याचा अर्थ असतो. सणासुदीत पलीकडच्या केंद्रात पिशव्यांचा ढीग लागला, तर माल अमेरिकेत पोहोचूनही स्क्रीनवर तो मुंबईतच दिसतो. विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील बहुतेक भांडणे या रिकाम्या दिवसांत होतात. ऑनलाइन बाजारपेठांमध्ये सर्वसाधारणपणे ‘पोहोचले’ ही नोंद हाच पुरावा मानला जातो. ती नोंद वेळेत आली नाही, तर परतावा विक्रेत्याच्या खिशातून जातो.

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचेही असेच. प्रत्येक कंटेनरला चार अक्षरे आणि सात अंकांचा क्रमांक असतो. न्हावाशेवाहून सुटलेले जहाज कुठे आहे, हे त्याच्या स्वयंचलित संकेतांवरून नकाशावर कुणालाही पाहता येते. मात्र अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरलेला असेल, तर दिसते ते जहाज. आपले खोके नव्हे. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा नकाशावर ती हालचाल सगळ्यांना दिसत होती. माल ग्राहकापर्यंत कधी पोहोचेल, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

माल अडतो की माहिती अडते?

ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनमधून अमेरिकेला पाठवलेल्या दोन पार्सलांतील प्रिंटरच्या काड्तुसांत स्फोटके सापडली. ती दुबई आणि ब्रिटनमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर अडवली गेली. त्यानंतर ‘माल येण्याआधी माहिती आली पाहिजे’ हा आग्रह वाढत गेला. टपालातून येणाऱ्या घातक अमली पदार्थांना रोखण्यासाठी अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा करून टपाल पार्सलांचीही आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती बंधनकारक केली. युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून हवाई टपाल आणि कुरिअरला तसाच नियम लावला.

परिणामी, पार्सलावर चिकटवलेल्या कागदापेक्षा बुकिंगच्या वेळी संगणकात भरलेले शब्द महत्त्वाचे ठरले. ‘गिफ्ट’, ‘सॅम्पल’, ‘हँडिक्राफ्ट’ असे मोघम वर्णन आता चालत नाही. वस्तू कोणती, कशाची, किती, किंमत काय आणि तिचा वर्गीकरण क्रमांक कोणता, हे सांगावे लागते. हा क्रमांक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीनुसार ठरतो आणि त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात.

कोल्हापुरीचेच उदाहरण पाहता येईल. ६४०३२० या क्रमांकाचे वर्णन असे आहे : चामड्याचा तळ आणि पायाच्या वरच्या भागावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे असलेले पादत्राण. ते वाचताना अस्सल कोल्हापुरीच डोळ्यांसमोर येते. पण त्याच चपलेला रबरी तळ लावला की ती या क्रमांकातून बाहेर पडते. कारागिराच्या दृष्टीने हा किरकोळ बदल. सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती दुसरीच वस्तू ठरते आणि तिचे शुल्कही वेगळे असू शकते. ‘सीमाशुल्काने रोखले’ अशी नोंद दिसते तेव्हा माल संशयास्पद असतोच असे नाही. बऱ्याचदा वर्णन, क्रमांक आणि किंमत यांचा मेळ बसलेला नसतो.

शुल्क नेमके भरायचे कोणी?

जुनी पद्धत सोपी होती. माल ग्राहकाच्या दारी जायचा, शुल्क लागू असेल तर पोस्टमन किंवा कुरिअरवाला ते तिथे मागायचा. ग्राहकाने नकार दिला की पार्सल परत. नव्या पद्धतीत शुल्क पाठवतानाच विक्रेता भरतो. १५ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेची टपालसेवा सुरू झाली ती याच अटीवर. अमेरिकी सीमाशुल्क विभागाने मान्यता दिलेल्या मध्यस्थांमार्फत हे पैसे भरले जातात. त्या वेळी भारतीय टपाल मालावर जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के शुल्क होते. म्हणजे २,००० रुपयांच्या चपलेवर बुकिंगच्या खिडकीवरच १,००० रुपये. मात्र कुरिअरने किंवा व्यापारी मालवाहतुकीने जाणाऱ्या मालावर वस्तूनुसार लागणारे मूळ शुल्क टपालाला वेगळे लावलेले नव्हते. या सोयीसाठी जादा आकारही टपाल विभागाने घेतला नाही.

असे दर राजकारणाबरोबर बदलतात. दिशा मात्र एकच दिसते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या मालाची मूल्यवर्धित करमाफी बंद केली. आता १५० युरोपर्यंतच्या पार्सलांवर १ जुलै २०२६ पासून प्रत्येक वस्तुप्रकारामागे ३ युरो सीमाशुल्क घेण्याचे त्या संघाने ठरवले आहे. ‘लहान पार्सल, म्हणून करातून सुटका’ हा काळ संपत आला आहे. किंमत ठरवताना शुल्क धरले नसेल, तर नफा सीमेवरच संपतो.

टपाल, कुरिअर की जहाज?

एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. कुरिअर वेगवान, नोंदी सलग, सीमाशुल्काचे काम कंपनीच पाहते. पण खर्च जास्त. त्यातही आकारमानाचे वजन ही मेख असते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ३५ बाय २५ बाय १२ सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन २.१ किलो भरते. आतली चपलेची जोडी किलोभराचीही नसेल, तरी पैसे २.१ किलोचे. खोके दोन-तीन सेंटिमीटरने लहान केले, तरी वर्षाच्या हिशेबात ते जाणवते.

जहाजाने माल पाठवून तिकडच्या गोदामात साठवणे मोठ्या विक्रेत्याला परवडते. तिथून ग्राहकाला दोन-चार दिवसांत माल मिळतो आणि ट्रॅकिंगही देशांतर्गत राहते. पण मालात पैसा आधीच गुंतवावा लागतो. शुल्क भरून गेलेला माल विकला गेला नाही, तर तो तिथेच पडून राहतो. महिन्याला वीस-तीस जोड्या विकणाऱ्यासाठी टपालच परवडणारे. म्हणूनच टपालाच्या साखळीतील प्रत्येक कच्चा दुवा सर्वाधिक जाचतो तो सर्वांत लहान विक्रेत्याला.

डाकघर निर्यात केंद्रांनी काय बदलले?

पूर्वी व्यापारी टपाल निर्यातीसाठी परदेशी टपाल कार्यालय असलेल्या मोजक्या शहरांत हेलपाटे घालावे लागत. २०२२ च्या नियमांनी टपाल निर्यातीची कागदपत्रे ऑनलाइन भरण्याची सोय झाली आणि त्याच वर्षापासून डाकघर निर्यात केंद्रे उभी राहू लागली. आज देशभरात त्यांची संख्या एक हजाराहून अधिक आहे. पॅनवर आधारित आयात-निर्यात क्रमांक घेतला, की जवळच्या केंद्रात माल देता येतो. १५ जानेवारी २०२६ पासून शुल्क परताव्यासारखे निर्यातीचे लाभही टपालमार्गाला लागू झाले. तोवर ते प्रामुख्याने बंदरातून आणि विमानतळावरून माल पाठवणाऱ्यांपुरते होते.

ही पावले योग्यच आहेत. मात्र केंद्राच्या खिडकीपलीकडे काय होते, याबाबत विक्रेता अजूनही अंधारातच असतो. पार्सल न मिळाल्याची चौकशी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रजिस्टर टपाल आणि पार्सलांबाबत सहा महिन्यांच्या आत करता येते. त्या चौकशीला उत्तर येईपर्यंत ग्राहकाने पैसे परत घेतलेले असतात. वितरण न झालेला माल परत आला, तर कागदोपत्री ती आयात ठरते. तो आपणच पाठवला होता, हे निर्यातीची कागदपत्रे दाखवून सिद्ध करावे लागते. कागद जपून ठेवले नसतील, तर स्वतःचाच माल सोडवणे महागात पडू शकते.

जबाबदारी कोणाची?

विक्रेत्याच्या हातात काही गोष्टी निश्चित आहेत. वर्गीकरण क्रमांक नेमका, वर्णन साध्या शब्दांत पण पूर्ण, किंमत खरी. भेटवस्तू म्हणून व्यापारी माल पाठवण्याचा मोह टाळणे. पार्सल बांधतानाचे छायाचित्र, वजनाची पावती आणि टपाल निर्यातपत्र एकत्र जपणे. ग्राहकाला सुरुवातीलाच सांगून ठेवणे, की मधले काही दिवस नोंद येणार नाही आणि त्याचा अर्थ पार्सल हरवले असा नाही. एवढे केले तरी निम्मे वाद टळतात.

उरलेले निम्मे त्याच्या हातात नाहीत. पिशवी कोणत्या विमानात चढली, कुठे मागे राहिली, ही माहिती टपाल खाते आणि विमान कंपनी यांच्यात आजही फिरते. ती विक्रेत्याच्या पानावर आली, तर ‘रवाना’ या एका शब्दाच्या जागी खरी परिस्थिती दिसेल. सीमाशुल्काने माल रोखला तर का रोखला, एवढे एका ओळीत कळले, तर दुरुस्ती त्याच दिवशी होईल. निर्यात केंद्राच्या खिडकीवर पार्सलाचे वजन करणाऱ्याबरोबर वर्गीकरण क्रमांक समजावून सांगणारा माणूस असला, आणि तो मराठीत सांगणारा असला, तर चूक मुळातच होणार नाही. यांपैकी कशासाठीही नवे विमान घ्यावे लागत नाही की नवी इमारत बांधावी लागत नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे महाराष्ट्रातील चार जिल्हे आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच पादत्राणे झळकली, तेव्हा श्रेय कोणाचे यावर मोठा वाद झाला. तो वाद रास्त होता. पण श्रेयाबरोबर पैसाही कारागिराच्या घरी यायचा असेल, तर त्याच्या हातची जोडी थेट ग्राहकाच्या दारी वेळेत पोहोचायला हवी. नाव जगभर गेले आणि पार्सल पिशवीतच राहिले, तर त्या नावाचा फायदा ज्याचे गोदाम ग्राहकाच्या शेजारी आहे त्यालाच होईल. माहिती दडलेली असताना जोखीम मात्र सर्वांत लहान माणसावर, ही या व्यवस्थेतील खरी गाठ आहे. निर्यातवाढीच्या घोषणांआधी ती सोडवायला हवी.